अर्ध्या इंचाचा प्रश्न

टायरच्या कडेवर एक आकडा उमटवलेला असतो. उदाहरणार्थ, १८५/६० आर १४. बहुतेक माणसं आयुष्यभर गाडी चालवतात आणि हा आकडा एकदाही न वाचता सुखाने निवृत्त होतात. मी तो वाचला, आणि तेव्हापासून घरात शांतता नाही.

पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरच्या भिंतीची उंची. पण तीही मिलिमीटरमध्ये सांगितली तर लगेच समजेल, म्हणून ती पहिल्या आकड्याच्या टक्क्यांत. तिसरा रिमचा व्यास, इंचांत. एकाच रबरावर तीन मापं गुण्यागोविंदाने नांदतात आणि भांडण मात्र वाचणाऱ्याच्या डोक्यात होतं. त्या टायरमध्ये हवा भरायची ती पौंडांत, नट आवळायचे ते फूट-पौंडांत, आणि चाक गाडीच्या अंगाबाहेर किती डोकावणार ते पुन्हा मिलिमीटरमध्ये. हे सगळं एखाद्या बैठकीत ठरलं असेल, तर ती बैठक नक्की जेवणानंतरची होती.

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉईटजवळ राहतो. इथे माणसं आठवडाभर गाड्या बनवतात आणि रविवारी त्याच गाड्या मोडायला बाहेर काढतात. मीही याच धंद्यात इंजिनिअर आहे, त्यामुळे पुण्याच्या नातेवाइकांत मला गाड्यांतलं सगळं कळतं असा समज आहे. प्रत्यक्षात मी सीट गरम करणाऱ्या बटणाचं सॉफ्टवेअर लिहितो. बटण दाबलं की माणूस खालून तापतो, एवढीच माझी वाहनसृष्टीला देणगी. तरीही ऑफिसातला एक सहकारी "ऑटोक्रॉसला चल, गरिबांचं रेसिंग आहे ते" म्हणाला आणि मी गेलो. त्या गरिबाच्या गॅरेजमध्ये टायरचे तीन संच आहेत, हे मला नंतर कळलं.

ऑटोक्रॉस म्हणजे काय, तर एखादं प्रचंड पार्किंग किंवा जुनी धावपट्टी घ्यायची, तिच्यावर नारिंगी कोन मांडून नागमोडी वाट आखायची आणि त्या वाटेने एका वेळी एकेकाने घड्याळाविरुद्ध गाडी पळवायची. फेरी साधारण मिनिटभराची. वेग क्वचितच ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो. बरीचशी शर्यत दुसऱ्या गिअरमध्येच उरकते. कोन पाडला की दोन सेकंदांचा दंड. वाट चुकली की फेरी बाद. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही १९४४ साली स्थापन झालेली संस्था याला 'सोलो' म्हणते, आणि दर सप्टेंबरला नेब्रास्कातल्या लिंकन गावी तिची राष्ट्रीय स्पर्धा भरते. तिथे हजारावर माणसं आपापले टायर घेऊन जातात. माझी उडी अर्थातच लिंकनपर्यंत नाही. मी आमच्या भागातल्या एका मैदानावर वाट चुकतो.

दिवस असा जातो. सकाळी लवकर पोचायचं. गाडीतली प्रत्येक सुटी वस्तू बाहेर काढायची. मग तपासनीस येऊन चाकं हलवून बघतो, नट बघतो, बॅटरी घट्ट आहे का ते बघतो. पहिल्याच दिवशी त्याची नजर माझ्या डॅशबोर्डवरच्या गणपतीवर स्थिरावली.

"हे सुटं आहे?"

"नाही. चिकटवलेलं आहे."

त्याने दोन बोटांनी गणपती चांगला ओढून पाहिला. गणपती हलला नाही. "या गाडीत सगळ्यात पक्की बसवलेली वस्तू हीच आहे," असा शेरा मारून त्याने काचेवर स्टिकर लावला.

त्यानंतर वाट पायी फिरून पाठ करायची, अर्धा दिवस उन्हात उभं राहून इतरांनी पाडलेले कोन धावत जाऊन उभे करायचे, आणि उरलेल्या अर्ध्यात आपल्या चार-पाच फेऱ्या मारायच्या. म्हणजे आठ तासांच्या दिवसात गाडी चालवणं जेमतेम पाच मिनिटं. ती वजा केल्यावर जे उरतं, ते सगळं टायरवरच्या चर्चेसाठी राखीव.

माझी गाडी १९९० सालची माझ्दा मियाटा. १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. दोन सीट, उघडं छत, वजन टनाच्या आतबाहेर, ताकद ११६ अश्वशक्ती. आमच्या इथल्या मराठी मंडळातले लोक तिला "अर्धी गाडी" म्हणतात आणि "उरलेली कधी घेणार?" असं विचारतात. कारखान्यातून ती १४ इंच व्यासाच्या आणि साडेपाच इंच रुंदीच्या रिमवर येते. ही रुंदी लक्षात ठेवा. मला ती विसरू दिली गेली नाही.

पहिल्या दिवशी मी शेवटून पहिला आलो. यादी बघत उभा होतो, तेवढ्यात टोपी घातलेला एक गृहस्थ आला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. तो माझ्या पुढच्या चाकापाशी गुडघ्यावर बसला, टायरमध्ये अंगठा रोवला आणि सुस्कारा सोडला.

"साडेपाच?" त्याने विचारलं.

"नाही, साडेसहाला पोचलो," मी म्हणालो.

"रिम. रिम साडेपाचची आहे का?"

"असेल."

"मग तुझा काही दोष नाही," तो म्हणाला.

इतकं प्रेमाने माझ्याशी अमेरिकेत आजवर कोणी बोललेलं नव्हतं. ऑफिसात, घरात, विमानतळावर, सगळीकडे दोष माझाच असतो. इथे दोष अर्ध्या इंचाचा निघाला. त्या क्षणापासून मी या खेळाचा झालो.

घरी आल्यावर नियमांचं पुस्तक उघडलं. माझी गाडी 'ई स्ट्रीट' नावाच्या वर्गात मोडते. या वर्गात रिमचा व्यास मूळ मापापेक्षा एक इंचाने कमी-जास्त केलेला चालतो, पण रुंदी मूळचीच हवी. ऑफसेट, म्हणजे चाक अंगाबाहेर किती डोकावणार ते माप, सात मिलिमीटरपर्यंत इकडेतिकडे चालतो. टायर मात्र रिमवर चढेल तेवढा रुंद घ्या. थोडक्यात, १५ इंचाची रिम चालेल, पण ती साडेपाच इंच रुंद हवी. आणि १५ बाय साडेपाचची रिम, माझ्या ऑफसेटची, शोधायला गेलात की दुकानदार आधी हसतो आणि मग फोन ठेवतो. जे बाजारात मुबलक मिळतं ते नियमात बसत नाही आणि जे नियमात बसतं ते बाजारात मिळत नाही. पुण्यात बांधकामाची परवानगी काढलेल्या माणसाला यात नवीन काही वाटणार नाही.

मी पुण्याला धाकट्या भावाला फोन लावला. मियाटाच्या चाकाला चार नट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर. त्याच्या स्विफ्टचंही तेच माप.

"दादा, मग इथूनच ने की," तो म्हणाला. "आपला टायरवाला ओळखीचा आहे. वर नायट्रोजन भरून देईल."

"रिमची रुंदी किती आहे रे?"

"रुंदी माहीत नाही. काळी आहे पण. मस्त दिसते."

"ऑफसेट बघून सांगतोस?"

"ते काय असतं? थांब, आईला द्यायचाय फोन."

आईने फोन घेतला. "अमेरिकेत चाकं मिळत नाहीत का रे?"

आईला अमेरिकेबद्दल फार आदर होता. तो त्या दिवशी बराच उतरला. शिवाय बॅगेत चार चाकं घातली तर भाकरवडी कशात आणणार, हा तिचा पुढचा प्रश्न होता, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करून चर्चा करण्याच्या जागेत, मला हळूहळू पंथ ओळखू यायला लागले.

पहिला पंथ रुंदवाल्यांचा. यांचं तत्त्वज्ञान सोपं: जेवढं रबर जमिनीला लागेल तेवढं चांगलं. २२५/४५ आर १५ हा टायर सात ते साडेआठ इंचांच्या रिमवर चढवावा अशी शिफारस असते; हे लोक तो नऊ इंचांवर चढवतात. टायरच्या भिंती इतक्या ताणल्या जातात की त्याच्याकडे बघून आपल्यालाच शर्टाचं बटण सोडावंसं वाटतं. एका रुंदवाल्याला मी विचारलं, "शिफारस साडेआठपर्यंतच आहे ना?" तो म्हणाला, "शिफारस करणाऱ्याचा नंबर कितवा आला होता?"

दुसरा पंथ हलकेवाल्यांचा. चाकावरचं वजन हे स्प्रिंगच्या खालचं वजन. शिवाय ते गरगर फिरतं, म्हणजे दुप्पट पाप. म्हणून चाकातला प्रत्येक ग्रॅम वाचवायचा. यांच्यातला एक जण पोलादी नट काढून ॲल्युमिनियमचे बसवत होता आणि मदतीला तीन डोनट खात होता. त्याच्या सांगण्यावरून मीही घरी चाक तोललं. वजनकाट्यावर चाक सरळ ठेवता येत नाही, आकडा दिसत नाही. ते छातीशी धरून आपण काट्यावर उभं राहायचं आणि मग आपलं वजन वजा करायचं. चाकाचं वजन साडेपाच किलोच्या आसपास भरलं, म्हणजे उत्तमच. वजाबाकीतला दुसरा आकडा विषयाला सोडून होता, पण बायकोने तो बघितला.

"आणि हे चाक कितीने हलकं करायचंय?"

"अर्धा किलो निघाला तरी पुष्कळ."

"मंडळातले समोसे सोड. महिनाभरात पाच किलो निघतील, आणि तेही फुकट."

तिला फिरतं वजन आणि बसलेलं वजन यांतला फरक समजावून सांगितला. "तू फिरत नाहीस, बसूनच असतोस, हे मला माहीत आहे," ती म्हणाली.

तिसरा पंथ गिअरवाल्यांचा. हे कोष्टकं घेऊन येतात. १८५/६० आर १४ चा बाहेरचा व्यास ५७८ मिलिमीटर, २०५/५० आर १५ चा ५८६, २२५/४५ आर १५ चा ५८३ आणि कुणी हौसेने २१५/४० आर १७ घेतला तर ६०४. व्यास वाढला की चाक एका फेऱ्यात जास्त अंतर तोडतं, पण गाडी उठायला आळस करते. व्यास घटला की गाडी झटकन उठते, पण दुसरा गिअर लवकर संपतो. माझ्या गाडीत तो ताशी ९५ किलोमीटरच्या सुमारास संपतो. हा वेग मी कधी गाठलाच नव्हता, त्यामुळे प्रश्न तसा नव्हता. तरी मी त्या माणसाबरोबर तासभर उन्हात उभं राहून, गाठल्यावर काय होईल याची तपशीलवार चिंता केली.

चौथा पंथ सगळ्यात कडवा: तापमानवाल्यांचा. या खेळातले टायर थंड असले की घसरतात आणि जास्त तापले की चिकटपणा सोडून लोण्यासारखे होतात. दोन्हींच्या मधे एक सुवर्णक्षण असतो. तो कधी असतो, हे पाहायला लोक टायरमध्ये सुई खुपसून तापमान घेतात. कडेला बूटपॉलिशचे पांढरे पट्टे ओढून टायर किती कलंडला ते बघतात आणि अर्धा पौंड हवा सोडतात. मग पुन्हा भरतात. एकाच गाडीवर दोघं चालवत असतील तर टायर थंड व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून बागेत औषध फवारायचा पंप आणून चाकांवर पाणी मारतात. मीही एक पंप घेतला. नेमका त्याच वेळी आईचा व्हिडिओ कॉल आला.

"काय फवारतोयस?"

"चाकांवर पाणी."

ती थोडा वेळ बघत राहिली. "कीड लागली का?"

सुवर्णक्षणाबाबत माझं निरीक्षण असं, की तो रोज येतो. फक्त तेव्हा माझी कोन उचलायची पाळी असते.

या सगळ्या पंथांचं एका गोष्टीवर एकमत आहे: टायरवरचा '२००' हा आकडा. अमेरिकन सरकारच्या नियमानुसार मोटारीच्या बहुतेक टायरांवर झिजेचा अंक छापावा लागतो. टेक्सासमध्ये सॅन अँजेलो गावाजवळ ४०० मैलांचा ठरलेला फेरा आहे. तिथे गाड्यांचा ताफा एकूण ७,२०० मैल फिरवून, ठरावीक नमुन्याच्या टायरशी तुलना करून ही झीज मोजतात. नमुन्याचा अंक १००. म्हणजे २०० अंकाचा टायर त्याच्या दुप्पट टिकायला हवा. आमच्या वर्गात किमान २०० अंकाचा टायर लागतो, म्हणजे लोक रोजच्या रस्त्यावरचेच टायर वापरतील, असा नियम करणाऱ्यांचा भोळा हिशेब. पण शेवटचा अंक टायरवर छापते ती टायर बनवणारी कंपनीच. मग काय, बोटाने दाबला तरी ठसा उमटेल असे मऊ टायर निघाले आणि प्रत्येकावर ठसठशीत २००. माझा पहिला संच एका मोसमात गुळगुळीत झाला.

"यावर दोनशे लिहिलंय ना?" बायकोने विचारलं. "दोनशे काय? दिवस?"

मी टेक्सासचा फेरा समजावून सांगितला.

"मग टेक्सासात चालव."

पॅडॉकच्या एका कोपऱ्यात मात्र पांढऱ्या मिशीचे एक काका उभे राहतात आणि कोणत्याच पंथात नाहीत. ते टायरबद्दल बोलत नाहीत. सकाळी पोचले की वाट पायी फिरतात, मग पुन्हा फिरतात, आणि बाकीचे डोनट खात असतात तेव्हा आणखी एकदा फिरतात. मग गाडीत बसून सगळ्यांपेक्षा दोन-तीन सेकंद कमी वेळ लावतात. कुणी विचारलं, "काका, टायर कोणते?" की म्हणतात, "काळे. गोल." यावर अर्थातच कोणाचा विश्वास नाही. ते पाणी प्यायला गेले की आम्ही सगळे त्यांच्या गाडीभोवती गुडघ्यांवर बसून टायरच्या कडा वाचतो. एकदा त्यावर १९५/५० आर १५ सापडलं. दुपारच्या जेवणापर्यंत अख्खा रुंदवाला पंथ १९५ वर आला होता. "कमी रुंद म्हणजे लवकर तापणार, हे मी आधीच म्हणत होतो," असं जो तो दुसऱ्याला सांगत होता. पायी फिरण्याचा विषय कोणी काढला नाही. त्यात विकत घेण्यासारखं काही नव्हतं.

एका रविवारी याच काकांनी शिक्षक म्हणून माझ्याच गाडीत, माझ्याच जुन्या १४ इंची टायरांवर एक फेरी मारून दाखवली. मी शेजारी बसलो होतो. तेच कोन, तीच वाट, तीच गाडी आणि माझ्यापेक्षा चार सेकंद कमी. वाटेत ते मला ब्रेक कुठे मारायचा हे शांतपणे सांगत होते. मी डोळे मिटले असल्याने ती जागा बघायची राहून गेली.

सीटबेल्ट सोडता सोडता मी विचारलं, "काका, याला नऊ इंची रिम लावली तर आणखी किती कमी होईल?"

काका माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मला पाणी पाहिजे."

काकांच्या फेरीवरून मी निष्कर्ष काढला, की गाडी मुळात चार सेकंद वेगवान आहे. आता तिला साजेसे टायर देणं हे माझं कर्तव्य आहे. योगायोगाने टोपीवाल्या गृहस्थांकडे १५ बाय ९ च्या रिम पडून होत्या, २२५ चे टायर चढवलेल्या. "तुला मित्रभावाने देतो," ते म्हणाले. मित्रभावात इतके डॉलर बसतात याची मला कल्पना नव्हती.

आता चाकं घरी न्यायची होती. मियाटाच्या डिकीत दोन भाजीच्या पिशव्या मावतात. एक चाक डिकीत ठासलं, एक सीटच्या मागे, एक शेजारच्या सीटवर बेल्ट लावून आणि एक तिच्या पायाशी. चार चाकांची सोय झाली. बायकोची झाली नाही. ती दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीतून घरी पोचली आणि माझ्या आधी पोचली.

चाकं चढवली आणि गाडी गल्लीतून बाहेर काढली, तर वळणावर खर्रर्र असा आवाज. टायर मडगार्डच्या आतल्या कडेला घासत होता. यावर अमेरिकन उपाय ठरलेला आहे: बेसबॉलची बॅट टायर आणि कडेच्या मधे घालायची आणि गाडी हळूहळू पुढे-मागे ढकलायची; बॅट फिरते आणि कड आत दुमडत जाते. रंग तडकू नये म्हणून आधी पत्रा गरम करून घ्यायचा. माझ्याकडे बेसबॉलची बॅट नव्हती. मंडळातला एक मित्र उत्साहाने क्रिकेटची बॅट घेऊन आला. काश्मीर विलो, पण चपटी. ती फिरेना, नुसतीच अडकून बसली. आम्ही दोघं काही क्षण विचार करत उभे राहिलो आणि मग दोघांच्याही डोळ्यांसमोर एकदमच स्वयंपाकघर आलं.

लाटणं उत्तम चालतं. कुठल्याही दुकानात असं हत्यार मिळणार नाही. मित्र गाडी ढकलत होता, मी हेअर ड्रायरने पत्रा शेकत होतो आणि लाटणं सागवानी गांभीर्याने कड दुमडत होतं. तेवढ्यात बायको दारात आली. तिने आधी लाटणं ओळखलं, मग हेअर ड्रायर.

"पोळपाट पण आणू?" तिने विचारलं.

मित्राला एकदम घरी काहीतरी काम आठवलं. त्या रात्री आम्ही ब्रेड खाल्ला.

पुढच्या रविवारी मोठ्या दिमाखात मैदानावर गेलो. नोंदणीच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "रिम किती?"

"नऊ!"

"मग तू ई स्ट्रीटमध्ये नाहीस," त्या म्हणाल्या.

दारावर निळ्या चिकटपट्टीने चिकटवलेली वर्गाची अक्षरं मी सोलून काढली. त्याच्या वरचा 'एसटीएस' वर्ग पाहिला, तर तिथे साडेसात इंच रुंदीची मर्यादा. तिथूनही आणखी वर ढकलला गेलो आणि जाऊन पोचलो थेट होंडा एस२००० वाल्यांच्या शेजारी. त्या गाडीची ताकद २४० अश्वशक्ती. माझी ११६, आणि त्यातली काही पस्तीस वर्षांत वाटेत सांडलेली. नव्या वर्गातल्या मंडळींनी माझं मनापासून स्वागत केलं. आपल्याखाली कोणीतरी असलं की माणसं फार प्रेमळ होतात.

तरीही सांगायला आनंद वाटतो, की त्या दिवशी माझी फेरी आधीपेक्षा खरोखरच जवळजवळ सेकंदभर लवकर पूर्ण झाली. मी हात वर करून ओरडणार, तेवढ्यात गिअरवाले कोष्टक घेऊन आले. वेगवेगळ्या वर्गांतल्या गाड्यांची तुलना करता यावी म्हणून प्रत्येक वर्गाला एक गुणक असतो. आपला वेळ त्याने गुणायचा. हे गुणक दरवर्षी थोडे बदलतात. ई स्ट्रीटचा ०.७९ च्या आसपास, माझ्या नव्या वर्गाचा ०.८२ च्या आसपास. फरक बघायला चिल्लर. पण साठ सेकंदांच्या फेरीवर तो होतो पावणेदोन सेकंदांहून जास्त. म्हणजे एकही कोन न पाडता, एक अख्खा कोन पाडल्याइतका दंड मी स्वतःच्या खिशातून, मित्रभावाने विकत घेतला होता.

"हरकत नाही," टोपीवाले म्हणाले. "या वर्गात आता नवे स्प्रिंग टाकायला परवानगी आहे. डँपरलाही आहे. माझ्याकडे एक संच पडून आहे."

मग हिवाळा आला. या मऊ टायरांना थंडी चालत नाही. पारा गोठणबिंदूच्या बराच खाली गेला की त्यांना तडे जाऊ शकतात, तेव्हा गॅरेजमध्ये ठेवू नका असं बनवणारेच सांगतात. मिशिगनच्या जानेवारीत बाहेर माणसाला तडे जातात, तिथे टायरचं काय? त्यामुळे आमचे टायर पाहुण्यांच्या खोलीत, हीटर लावून, चादर पांघरून झोपतात. नाताळच्या सुट्टीत न्यू जर्सीहून बायकोचे मामा-मामी आले. त्यांची सोय दिवाणखान्यातल्या सोफ्यावर केली.

"खोलीत कोणी आजारी आहे का?" मामींनी दबक्या आवाजात विचारलं.

"हो," बायको म्हणाली. "पण तो रात्री आमच्याच खोलीत झोपतो."

वसंत उजाडेपर्यंत माझा विचार पक्का झाला होता. नऊ इंच ही अतिरेकी मंडळींची आवड. साडेपाच इंच ही गरिबी. शहाण्या माणसाचं माप साडेसात: एसटीएसमध्ये बसतं, २२५ चा टायर नियमात राहतो, शिफारशीतही राहतो आणि लाटण्याची गरज उरत नाही. १५ बाय साडेसातची ऑर्डर दिली. बायकोला म्हटलं, "हे शेवटचं." तिने मान हलवली. ही तिची मान अनेक वर्षांपासून हलते आहे, त्यामुळे तिच्यावरून काही अर्थ काढता येत नाही.

राहता राहिल्या नऊ इंची रिम. मोसमाच्या पहिल्या रविवारी एक नवा पोरगा आला, कॉलेजातला, जुनी मियाटा, तीच १४ बाय साडेपाचची चाकं. पहिल्या फेरीला तो वाट चुकला, दुसऱ्या फेरीला त्याने तीन कोन पाडले आणि मग यादीपाशी येऊन हिरमुसून उभा राहिला. मला राहवलं नाही. मी त्याला बाजूला घेऊन रुंदी, भिंत, टक्के, ऑफसेट, फिरतं वजन हे सगळं समजावून सांगितलं. वर्गाचा मुद्दा सुरुवातीलाच सांगून त्याला घाबरवण्यात अर्थ नव्हता. माझ्याकडे एक संच पडून आहे, हेही मित्रभावाने सांगितलं.

"याने वेळ किती कमी होतो?" त्याने विचारलं.

"सेकंद तर कुठे गेला नाही," मी म्हणालो.

त्याने वळून यादीकडे पाहिलं. बोट वरून खाली नेत नेत तो माझ्या नावापर्यंत पोचला. त्याला बराच वेळ लागला.

"पण मग तुमचा नंबर..."

"टायर थंड होते," मी म्हणालो.

"अच्छा!" पोरगा म्हणाला, आणि त्याचा चेहरा खुलला. "माझेही असणार."

पोराचा हात चालायला अजून वेळ आहे, पण खेळ त्याला पूर्ण कळला आहे.